सहारातल्या अकाकुस डोंगरात खरंच गुरं राखली जायची का, आणि हे कशावरून कळतं?

प्रश्न असा आहे: लिबियाच्या वाळवंटात तद्रार्त अकाकुस नावाचा डोंगर आहे. तिथल्या कपारींमध्ये गायीबैल, जिराफ, हत्ती आणि माणसांची हजारो चित्रं आहेत. आज तिथे गवताची काडी उगवत नाही. मग ही चित्रं कल्पनेतली, की तिथे खरोखर गुरं चरायची? चरत असतील तर ते सिद्ध कसं करतात? आणि ममी करायची विद्या इजिप्तने याच लोकांकडून घेतली, हे कितपत खरं?

मी उत्खननात निघणाऱ्या प्राण्यांच्या हाडांवर काम करते, मुख्यतः दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींमधल्या. अकाकुसच्या खोदकामात माझा सहभाग नव्हता. पण तिथल्या हाडांचे, खापरांचे आणि लेंड्यांचे अहवाल गेली कित्येक वर्षं कामाचा भाग म्हणून वाचते आहे, आणि आमच्या विषयात इतका बोलका डोंगर मला दुसरा माहीत नाही. आधी थोडक्यात उत्तर देते. गुरं होती. दूध काढलं जायचं. त्याही आधी मासे पकडले जायचे. आणि हे सगळं चित्रांच्या आधाराशिवाय दाखवता येतं.

अकाकुस लिबियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, अल्जीरियाच्या सीमेला लागून, घात या गावाच्या पूर्वेला आहे. वालुकाश्माची ही दक्षिणोत्तर रांग सुमारे १५० किलोमीटर लांब आहे. पश्चिमेला तानेझुफ्त ही वादी, म्हणजे मोठं कोरडं नदीपात्र. पूर्वेला उआन कासाचे वाळूचे ढिगारे आणि त्यापलीकडे मेसाकचं पठार. पाऊस वर्षाला २० मिलिमीटरच्या आत, तोही पडला तर. अधूनमधून खडकातल्या खोलगट कुंडांत पाणी साठतं, तेवढाच आधार. वालुकाश्म मऊ असल्याने वारा-पाण्याने पोखरून त्यात खोल कपारी झाल्या आहेत. पुरातत्त्वाच्या भाषेत यांना शैलाश्रय म्हणतात. वरून छत असल्यामुळे आत पाणी शिरत नाही, आणि एवढ्या कोरड्या हवेत काहीच कुजत नाही. लेंडी, गवत, बियाणं, चामडं, केस, दोरखंड, सगळं राहतं. आमच्याकडे काळ्या मातीत आणि दर वर्षीच्या पावसात यातलं बहुतेक पहिल्या शंभर वर्षांतच संपतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन उत्खननात काम केलेल्या कोणालाही अकाकुसचे अहवाल वाचताना हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही.

एवढ्या कोरड्या जागी माणूस राहिला कसा, याचं उत्तर पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यात आहे. या डुलण्यामुळे ऋतू आणि सूर्यापासूनचं अंतर यांचा मेळ सुमारे १९ ते २३ हजार वर्षांच्या चक्रात बदलत राहतो. त्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा कधी सूर्याच्या जवळ असताना येतो, तर कधी लांब असताना. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तो जवळ असताना येत होता. जमीन जास्त तापायची, म्हणून पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकला. सहारात तळी झाली, नद्या वाहिल्या, गवताची माळरानं पसरली. याच कारणाने त्याच काळात आपला नैर्ऋत्य मोसमीही जोरात होता. राजस्थानातल्या लुणकरणसरच्या, आज कोरड्या पडलेल्या, तळ्याचा गाळ तेच सांगतो. अंदाजे ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत ही स्थिती, मधल्या काही कोरड्या टप्प्यांसह, टिकली. अकाकुसची सगळी गंमत मुख्यतः या पाच-सहा हजार वर्षांतली आहे.

माणूस तिथे त्याच्याही फार आधीपासून येत होता. उआन ताबू या शैलाश्रयात अतेरियन पद्धतीची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या एका जुन्या अश्मयुगीन परंपरेतली, दगडी हत्यारं असलेला थर सुमारे ६१,००० वर्षांपूर्वीचा निघाला. शेजारच्या मेसाक पठारावर दर चौरस मीटरला सरासरी ७५ दगडी अवजारं आणि छिलके मोजले गेले आहेत, म्हणजे पाय ठेवाल तिथे माणसाने फोडलेला दगड. पण उघड्यावर पडलेल्या या हत्यारांची एक अडचण आहे. वारा मधली बारीक माती उडवून नेतो आणि दोन लाख वर्षांपूर्वीचं हत्यार दहा हजार वर्षांपूर्वीच्या हत्याराशेजारी येऊन बसतं. कोण आधी, कोण नंतर, ते कळायला थर लागतात. थर आहेत ते कपारींमध्ये.

तिथलं शास्त्रीय काम १९५५ मध्ये फाब्रित्सिओ मोरी या इटालियन संशोधकाने सुरू केलं. पुढे रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाने लिबियाच्या पुरावस्तू खात्याबरोबर ते दशकानुदशकं चालवलं. १९९० नंतर साव्हिनो दी लेर्निया यांच्या पिढीने चित्रांकडून जमिनीकडे मोहरा वळवला, आणि खरी माहिती तेव्हापासून हाती लागायला लागली असं माझं मत आहे.

आधी लेंड्यांबद्दल सांगते, कारण त्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

उआन अफुदा नावाच्या गुहेत सुमारे ९,००० ते १०,००० वर्षांपूर्वीच्या थरांमध्ये वाळलेल्या लेंड्या आणि पालापाचोळा यांचा दाबला गेलेला जाड पट्टा सापडला. लेंड्या होत्या बहुधा बार्बरी मेंढीच्या. ही उत्तर आफ्रिकेतली रानटी जात, कड्यांवर चढणारी, वाकड्या शिंगांची, गळ्याखाली लांब केस असलेली. ती कधीच माणसाळली नाही. मग तिच्या लेंड्यांचा एवढा थर गुहेत कसा? रानटी कळप उन्हात सावलीला येऊन बसेल, थोड्या लेंड्या टाकेल आणि निघून जाईल. तुडवून घट्ट झालेला, चाऱ्यात मिसळलेला जाड थर व्हायला जनावरं बरेच दिवस एका जागी अडकवून ठेवावी लागतात. आपल्याकडे धनगर शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात, तेव्हा काही रात्रींतच जमीन कशी भरते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यासाठी वेगळा पुरावा लागणार नाही. प्रयोगशाळेत मात्र तो लागतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात चुन्याचे अतिसूक्ष्म गोळे तयार होतात. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रत्येकावर एक काळी फुली दिसते. लेंडीचं पीठ झालं तरी गोळे राहतात. अशा थरांची छाननी करताना त्यांच्यासोबत परागकण पाहतात, गवताचे तुकडे पाहतात, आणि जनावराने काय खाल्लं, ते त्याने स्वतः निवडलं की कोणी पुढ्यात टाकलं, याचा अंदाज बांधतात.

दी लेर्निया यांचा निष्कर्ष असा की शिकारी लोक रानटी मेंढ्या जिवंत पकडून गुहेत कोंडत, त्यांना चारा घालत आणि गरज पडेल तेव्हा मारत. मांसाचा जिवंत साठाच तो. हा निष्कर्ष मला पटतो, आणि तो का महत्त्वाचा आहे तेही सांगते. शाळेत आपण क्रम शिकतो: आधी शिकार, मग शेती, मग पशुपालन, मडकी, गाव. अकाकुसच्या लोकांनी जनावर कोंडायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे एकही पाळीव प्राणी नव्हता. शिवाय या कोंडण्यातून पाळीव मेंढी निघालीही नाही. आफ्रिकेत पाळीव मेंढी-शेळीचा रानटी पूर्वज अस्तित्वातच नाही. त्या दोन्ही पश्चिम आशियातून आल्या. म्हणजे स्थानिक जनावर हाताळण्याचा अनुभव गाठीशी होता, आणि बाहेरून आलेलं पाळीव जनावर अशा हातांत पडलं.

आता ताकारकोरी. हा शैलाश्रय डोंगराच्या दक्षिण भागात, खालच्या वादीपासून बराच उंचावर आहे. २००३ ते २००६ या काळात तो खणला गेला. सुमारे १०,२०० वर्षांपासून ४,६५० वर्षांपूर्वीपर्यंतची वस्ती इथे एकावर एक थरांमध्ये सापडते. इथली हाडं विम व्हान नेर आणि सहकाऱ्यांनी तपासली, आणि त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. एकूण १७,५५१ अवशेष, आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के माशांचे.

सहाराच्या मध्यात, डोंगराच्या कपारीत, मासे! अनेक हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ते पक्ष्यांनी आणून टाकलेले नाहीत. मासे प्रामुख्याने दोन प्रकारचे. एक क्लॅरियस, आपल्या मांगूरचा सख्खा भाऊबंद. दुसरा तिलापिया, ज्याला आपल्या बाजारात चिलापी म्हणतात. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात सगळ्या प्राण्यांच्या अवशेषांत माशांचा वाटा सुमारे ९० टक्के आहे, शेवटच्या टप्प्यात तो ४० टक्क्यांवर येतो. त्यातही आधी चिलापी घटतो, मांगूरवर्गीय मासा टिकून राहतो. मांगूर विकत घेताना तो टोपलीत तासन्तास जिवंत असतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला हवेतून श्वास घेण्याचं जास्तीचं इंद्रिय असतं, त्यामुळे उथळ, कोमट, कमी ऑक्सिजनच्या डबक्यातही तो तग धरतो. तिलापियाला तेवढं जमत नाही. म्हणून मांगूर-चिलापीचं बदलतं प्रमाण म्हणजे वादीतलं पाणी आटत गेल्याची नोंद आहे. जवळचं तळं केव्हा डबकं झालं हे इतक्या नेमकेपणाने गाळाच्या नमुन्यांवरूनही सांगता येत नाही.

एक कामाची गोष्ट इथेच सांगते. माशाची हाडं हाती येतात ती बारीक जाळीची चाळणी वापरली तरच. मोठ्या भोकाच्या चाळणीतून मांगूरच्या कवटीचा तुकडा राहतो, पण मणके खाली पडून ढिगाऱ्यात जातात, आणि मग अहवालात लिहिलं जातं की इथले लोक मासे फारसे खात नसत. एखाद्या वस्तीबद्दल असं विधान वाचलंत तर आधी चाळणीची जाळी किती बारीक होती ते बघा.

मासेमारी आणि शिकार करणाऱ्या याच लोकांकडे मडकीही होती. ताकारकोरी आणि उआन अफुदा इथली ११० खापरं ब्रिस्टल विद्यापीठात तपासली गेली, काळ इसवी सनपूर्व ८२०० ते ६४००. अर्ध्याहून जास्त खापरांत वनस्पती शिजवल्याचे अंश मिळाले: गवताच्या बिया, पानं, पाणवनस्पती. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. जगात मडक्यात भाजीपाला किंवा धान्य शिजवल्याचा इतका जुना थेट पुरावा तोवर नव्हता. पुढे २०१८ मध्ये आन्ना मारिया मेर्कुरी आणि सहकाऱ्यांनी ताकारकोरीतल्या दोन लाखांहून जास्त बियांचा अभ्यास मांडला. बिया छोट्या गोलाकार ढिगांमध्ये सापडल्या होत्या. मुंग्यांनी साठवल्या असतील ही शंका साहजिक होती. कीटकतज्ज्ञाकडून तपासून ती बाजूला सारण्यात आली. यात उपवासाला लागणाऱ्या वरई आणि भगरीच्या वंशांतली रानटी तृणधान्यं आहेत, ज्वारीचे रानटी नातलगही आहेत. लोक ती गोळा करत, साठवत, कदाचित मुद्दाम पसरतही असत. तरी त्यांतलं एकही धान्य इथे पूर्णपणे पिकाऊ झालं नाही.

आता गुरं. सुमारे ८,३०० वर्षांपूर्वीपासून ताकारकोरीत पाळीव गुरं, मेंढ्या आणि शेळ्यांची हाडं यायला लागतात. इथे माझ्या कामातली नेहमीची डोकेदुखी आहे. मेंढी आणि शेळीची हाडं एकमेकांपासून ओळखणं मुळात कठीण, आणि त्यात बार्बरी मेंढी तिसरी. आमच्याकडे हीच अडचण काळविटाची. तुटलेलं नळीचं हाड काळविटाचं की शेळीचं, हे टाच, शिंगाचा गाभा किंवा दात हाती असल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून एखाद्या थरात पाळीव जनावर आलं असं म्हणताना नेमकं कोणतं हाड मिळालं हे विचारावं लागतं. ताकारकोरीच्या बाबतीत मोठ्या गुरांची हाडं तरी निःसंदिग्ध आहेत.

पण हाड सांगतं की गाय मारली. दूध काढलं हे हाड सहजी सांगत नाही. ते सांगितलं मडक्यांनी, आणि हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

झिलई नसलेल्या मडक्यात काही शिजवलं की स्निग्ध पदार्थ मातीच्या छिद्रांत झिरपतात आणि तिथेच अडकतात. कोरड्या ठिकाणी ते हजारो वर्षं राहतात. खापराचा वरचा थर आधी खरवडून टाकतात, कारण त्यावर हाताळणाऱ्यांच्या बोटांचं तेल असू शकतं. मग आतला छोटासा भाग कुटून द्रावकात मुरवतात आणि निघालेली मेदाम्लं एकेक वेगळी करतात. त्यांतली दोन कामाची, पाल्मिटिक आणि स्टिअरिक. ती चरबीतही असतात आणि तुपातही, त्यामुळे नुसतं त्यांचं असणं काही सांगत नाही. फरक त्यांच्यातल्या कार्बनमध्ये असतो. कार्बनचे दोन स्थिर प्रकार, कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. गायीची कास पाल्मिटिक आम्ल स्वतः बनवते, पण स्टिअरिक आम्ल तिला बनवता येत नाही. ते चाऱ्यातून, पोटातल्या जिवाणूंच्या प्रक्रियेतून जाऊन दुधात येतं. दोन आम्लं दोन वाटांनी आल्यामुळे दुधात स्टिअरिकमधलं कार्बन-१३ पाल्मिटिकच्या तुलनेत बरंच कमी असतं. अंगच्या चरबीत हा फरक इतका मोठा नसतो. फरक हजारात ३.३ पेक्षा जास्त निघाला की तो दुधाचा अंश.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हर्शेड यांच्या प्रयोगशाळेत ज्युली डन यांनी ताकारकोरीच्या खापरांवर हे केलं आणि २०१२ मध्ये निकाल आला: इसवी सनपूर्व पाचव्या सहस्रकात इथे दूध काढून मडक्यात तापवलं किंवा त्यावर प्रक्रिया केली जात होती. आफ्रिकेतला दुधाचा हा तेव्हापर्यंतचा सर्वांत जुना पक्का पुरावा. तीच आकडेवारी आणखी एक गोष्ट सांगते. मडक्यांतल्या कार्बन-१३ च्या मूल्यांचा पल्ला मोठा आहे, म्हणजे ज्या जनावरांचं दूध त्यांत आलं ती कधी एका प्रकारच्या चाऱ्यावर होती तर कधी अगदी दुसऱ्या. कळप ऋतूप्रमाणे डोंगरातून सखल भागात आणि परत नेले जात असावेत. दूध तापवणं आणि आंबवणं यालाही अर्थ आहे. मोठ्या वयात बहुतेकांना दुधातली साखर पचत नसे, आणि आंबवल्यावर ती कमी होते. शेत नाही, गाव नाही, पण मडकं आहे आणि त्यात दूध आहे. अकाकुसचं वेगळेपण मला यात दिसतं, आणि चित्रं बघायला जाणाऱ्यांना हेच कोणी सांगत नाही.

ही गुरं घेऊन बाहेरचे लोक आले आणि त्यांनी जुन्या मच्छीमार शिकाऱ्यांना हटवलं का? फार दिवस तसाच अंदाज होता. ताकारकोरीत पंधरा दफनं मिळाली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यातल्या दोन स्त्रियांची शरीरं आपोआप वाळून टिकली होती, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची. वाळवंटाच्या उष्णतेत डीएनए टिकणं महाकठीण, तरी लायप्झिशच्या माक्स प्लांक संस्थेत नादा सालेम आणि सहकाऱ्यांना तो मिळाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या स्त्रियांचा वंश मुख्यतः उत्तर आफ्रिकेतल्या एका अतिशय जुन्या, तोवर अज्ञात शाखेचा आहे. ही शाखा सहाराच्या दक्षिणेकडील लोकांपासून, आपले पूर्वज आफ्रिकेबाहेर पडले साधारण त्याच सुमारास वेगळी झाली. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतल्या १५,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांशी त्यांचं जवळचं नातं निघतं. पश्चिम आशियाचा अंश अगदी थोडा. म्हणजे गुरं आली आणि राखण्याची रीतही आली, पण ती आणणाऱ्यांचा लोंढा आला नाही. इथल्याच लोकांनी ती उचलली. दोनच व्यक्तींवरून सगळ्या सहाराबद्दल बोलणं धाडसाचं आहे हे खरं, पण लेंड्यांचा थर आणि हा डीएनए एकाच दिशेला बोट दाखवतात, त्यामुळे मी यावर विश्वास ठेवते.

आता चित्रं. अभ्यासक त्यांचे पाच गट करतात: मोठ्या रानटी प्राण्यांची कोरीव चित्रं, गोल डोक्यांची माणसं, गुरं राखणारे, मग घोडा आणि शेवटी उंट. शेवटचे दोन गट सोपे. घोडा आणि उंट सहारात फार उशिरा आले, लिबियाच्या वाळवंटातल्या प्राचीन गरामांत लोकांच्या काळाच्या आगेमागे. पहिल्या गटांबद्दल मात्र वाद आहे. मोरी काही चित्रं हिमयुगातली मानत. आज बरेच जण तेवढं मागे जायला तयार नाहीत. रंगात सेंद्रिय चिकट पदार्थ क्वचितच शिल्लक असतो, त्यामुळे थेट काळ काढता येत नाही. खडकात कोरलेल्या रेषेत तर काहीच नसतं. क्वचित नशीब साथ देतं. अकाकुसमधल्याच उआन मुहुगियाग या शैलाश्रयात रंगवलेला खडकाचा तुकडा भिंतीवरून निखळून खाली थरात गाडला गेलेला सापडला. त्या थराचा काळ काढता येतो, आणि चित्र त्याहून जुनं हे नक्की होतं. किती जुनं, ते नाही.

म्हणून चित्रावरून जीवन सांगण्यापेक्षा जमिनीवरून कळलेलं जीवन घेऊन चित्राकडे जावं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. मग चित्रं बोलतात. गोल डोक्यांच्या चित्रांत बार्बरी मेंढी वारंवार येते, आणि उआन अफुदात कोंडलेली जनावरं तीच. गुरांच्या चित्रांत कास ठळक काढलेली दिसते, आणि मडक्यांत दूध आहेच. उलट, खाल्ल्या गेलेल्या हजारो माशांच्या मानाने चित्रांत मासे जवळजवळ नाहीत. लोक रोज जे खातात तेच भिंतीवर काढतात असं समजणाऱ्याने या आकड्यांकडे जरूर बघावं.

ममीचा प्रश्न. १९५८ मध्ये मोरी यांना उआन मुहुगियागमध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं शव मिळालं. हरणाच्या कातड्यात गुंडाळलेलं, गळ्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या मण्यांची माळ. पोटातले अवयव काढलेले होते, म्हणजे शव टिकावं म्हणून कोणीतरी मुद्दाम कष्ट घेतले होते. काळ साधारण साडेपाच ते सहा हजार वर्षांपूर्वीचा. इजिप्तमधल्या तेव्हा माहीत असलेल्या ममींपेक्षा हे जुनं निघालं, आणि तेवढ्यावरून ‘ममीचा उगम सहारात’ हे वाक्य माहितीपटांतून सगळीकडे गेलं. ते आज टिकत नाही. एक तर असं जाणीवपूर्वक तयार केलेलं शव अकाकुसमध्ये हे एकटंच आहे. एका शवाची परंपरा होत नाही. ताकारकोरीच्या स्त्रिया हवेने वाळलेल्या आहेत, त्यांना ममी म्हटलं तरी ती विद्या नव्हे. दुसरं, २०१४ मध्ये इजिप्तमधल्या मोस्तगेद्दा आणि बदारी इथल्या फार जुन्या दफनांच्या कापडांवर राळ आणि तेलाची मिश्रणं सापडली. काळ इसवी सनपूर्व ४५०० पासूनचा, म्हणजे अकाकुसच्या मुलाच्या तोडीचा किंवा आधीचा. मृत मुलाला एवढ्या जपणुकीने ठेवणारे लोक सहारात होते, हे स्वतःच मोठं आहे. त्याला इजिप्तचा गुरू करण्याची गरज नाही.

पाऊस आटू लागला तेव्हा काय झालं, याचा एक धागा मेसाक पठारावर मिळतो. तिथे दगडांच्या गोल रचनांखाली गुरांची हाडं पुरलेली आहेत, इसवी सनपूर्व ५२०० ते ३८०० या काळातली, आणि आसपास गुरांची कोरीव चित्रं असलेले दगड आहेत. जनावर कापून, त्याचे भाग पुरून वर दगड रचणं हा विधी होता यात शंका नाही. तो पावसासाठी होता का, ते दगड सांगत नाहीत. त्यानंतर मोठी गुरं कमी होत गेली आणि कमी पाण्यावर भागवणाऱ्या शेळ्या-मेंढ्या वाढल्या. लोक खाली तानेझुफ्तच्या मरूद्यानात सरकले. पुढचा गरामांतांचा इतिहास, जमिनीखालचे पाण्याचे बोगदे आणि उंटांचा व्यापार, हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

आजची स्थिती: १९८५ मध्ये युनेस्कोने अकाकुसची शैलचित्रं जागतिक वारशात घेतली. २००९ मध्ये अनेक चित्रांवर फवारणीचा रंग मारून नासधूस झाली. २०१६ मध्ये हे स्थळ धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं. २०११ पासून तिथलं क्षेत्रकाम जवळजवळ थांबलं आहे. मी वर सांगितलेलं २०१२ नंतरचं सगळं ज्ञान आधी खणून, नोंदवून, व्यवस्थित पाकिटांत ठेवलेल्या वस्तूंमधून आलं आहे. आमच्या क्षेत्रात नवं खोदकाम काढण्याचा उत्साह फार आणि जुनं सामान तपासायला पैसा कमी. नव्या खोदकामाच्याच मागे असणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावं.

डोंगर रिकामा मात्र नाही. तुआरेग या सहारातल्या पशुपालक समाजातल्या केल तद्रार्त गटाची मोजकी कुटुंबं अजून तिथे शेळ्या राखतात. स्तेफानो बियाजेत्ती यांनी त्यांच्याबरोबर राहून त्यांच्या छावण्यांच्या, शेळ्यांच्या वाड्यांच्या आणि पाणवठ्यांच्या नोंदी केल्या आहेत. तुमच्या ‘गवताची काडी नाही’ या वाक्याला त्यांचं जगणं हे चांगलं उत्तर आहे: कुठल्या वादीत पाऊस पडला याची खबर मिळाली की कळप तिकडे हलतो, कुंडातलं पाणी संपेपर्यंत थांबतो आणि पुढे जातो. शेळ्या रात्री कपारीत कोंडतात. त्यामुळे आजच्या लेंड्यांचा थर कित्येक ठिकाणी सात हजार वर्षांपूर्वीच्या थराच्या अगदी वर साचतो आहे, आणि तिथे पुन्हा खणायची वेळ येईल तेव्हा पहिलं काम हे दोन थर वेगळे ओळखण्याचं असेल.